कातळावरची राई

३ जुलै, गुरुवार

चप्पल तुटली, छत्री उलटी झाली आणि मला एक झाड सापडलं. झाड म्हणायचं ते माझ्या समाधानासाठी. उंची जेमतेम वीतभर. पुढे दरड आली म्हणून जीपवाल्यानं आम्हाला वाडीच्या अलीकडेच उतरवलं, आणि मी चप्पल हातात घेऊन कातळाच्या कडेकडेनं चालत होते म्हणून तर दिसलं. पाणी झिरपणाऱ्या भेगेत, तेरड्याच्या कोवळ्या रोपांच्या गर्दीत. पान पिसासारखं, देठाच्या दोन्ही बाजूंना दातेरी पानुल्या. शेंड्याला फुलांचा झुबका, एकेक फूल तांदळाच्या कणीएवढं. भिंग लावलं तर चार पांढऱ्या पाकळ्या, दोन-दोन समोरासमोर, अधिकच्या चिन्हासारख्या. काही फुलांना तर पाकळ्याच नाहीत. मी एक पान चावून बघितलं. जिभेच्या शेंड्याला मोहरीचा चटका बसला आणि मी भर पावसात रस्त्यावर एकटीच हसले.

मोहरीचं कूळ! आमच्या जामखेडला मोहरी म्हणजे फोडणीची आणि फार तर बाळंतिणीचे अळीव. ते दोन्ही दुकानातून येतात. इथे ही बया कुणी न पेरता कातळावर बसली आहे.

घरी आले तर गोजरबाई ओट्यावर. या माझ्या घरमालकीण. अकोले गावात, जिथे मी कॉलेजला शिकवते, तिथे मनासारखी खोली मिळाली नाही म्हणून मी गेल्या वर्षी यांच्या पडवीत आले, आणि आता कॉलेज लांब पडलं तरी हलायचं मन होत नाही. त्यांनी विचारलं, "चप्पल कुठं गेली?"

"तुटली."

"आन हसतीस कशापायी?"

मी पिशवीतून झाड काढून दाखवलं. त्यांनी उलटंपालटं केलं. "ह्ये? ह्ये तर तन हाय."

तण तर तण. पण कुणाचं, कुठलं, नाव काय, ते मी शोधणार.

७ जुलै, सोमवार

आज मी तोंड उघडलं. नको तिथे, नको तेव्हा, सगळ्यांसमोर. नेहमीप्रमाणे.

कारभारी सर आमचे विभागप्रमुख. त्यांनी उभी हयात घालून तालुक्यातल्या रानवनस्पतींची यादी केली आहे आणि ती या पावसाळ्यात पुस्तक म्हणून छापायची आहे. आज ते कच्ची प्रत वाचून दाखवत होते. मोहरीच्या कुळात आले आणि म्हणाले, "कार्डामाइन हिरसुटा, ओल्या कातळावर, सर्वत्र."

मी म्हटलं, "सर, ते नाव चुकलंय."

मी सांगितलं की हिरसुटाच्या शेंगा तुळतुळीत असतात. (हिरसुटा म्हणजे केसाळ. नाव केसाळ आणि शेंग टकली, असा तिचा कारभार.) कातळावरच्या झाडाला मी कालच एक कोवळी शेंग पाहिली, तिच्यावर लव आहे. म्हणजे ही वेगळी जात. ट्रायकोकार्पा. केसाळ शेंगेची.

सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "एका कोवळ्या शेंगेवरून? सदाफुले मॅडम, राईचा पर्वत करू नका. मोहरीच्या कुळात पिकलेली शेंग आणि तिचं बी हातात आल्याशिवाय नाव लिहायचं नसतं. कोवळेपणी लव असेल, पिकल्यावर झडत असेल. कुणी पाहिलंय?"

"मी पाहते."

"पाहा. यादी ऑगस्टच्या मध्यावर छापायला जाईल. तोवर शेंग आणि बी टेबलावर ठेवा, मी नाव बदलतो. नाही तर आहे तेच जाईल."

कुणीतरी मागे बोललं की आडनावातच फूल असल्यावर काय! सगळे हसले. मीही हसले. आतून चिडले होते.

आता माघार नाही. मी तासिका तत्त्वावरची. एप्रिलनंतर इथे असेन की नाही हे देवालाही माहीत नाही, आणि देवाशी माझी ओळख नाही. हे झाड पावसाळ्यात येतं आणि पावसाळ्यात जातं. म्हणजे हाच एक पावसाळा माझा. सिद्ध झालं तर माझा शब्द खरा आणि नाव बरोबर छापलं जाईल. नाही तर चुकीचं नाव पुस्तकात पक्कं, आणि मी म्हणजे ती जामखेडची मॅडम, जिला पावसात काहीतरी दिसलं होतं.

१९ जुलै, शनिवार

शेंगा लागल्या. बारीक, उभ्या, सुईसारख्या, फुलांच्या डोक्यावरून वर निघालेल्या. माझ्या भिंगातून लव दिसते पण अंधुक. हे सरांना सांगायला गेले तर त्यांनी खणातून स्वतःचं पितळी भिंग काढलं. "हे घ्या. याची काच चांगली आहे. हरवू नका."

म्हणजे माझ्या भिंगाची काच वाईट! आणि मी वस्तू हरवणारी! भिंग घेतलं, आभार मानले, दार जरा जोरात लावलं.

काच मात्र खरंच चांगली आहे. एकेक केस वेगळा दिसतो.

२ ऑगस्ट, शनिवार

उडाली!

एक शेंग बऱ्यापैकी भरलेली वाटली. चिमटीत धरायला गेले तर टच्! गालावर काहीतरी लागलं, एक कण डोळ्यात. उघडून बघते तर चिमटीत काही नाही. देठाला नुसता पातळ पडदा उरलेला, काचेच्या खिडकीसारखा. शेंगेच्या दोन्ही साली खालून सुटतात, घड्याळातल्या स्प्रिंगसारख्या गुंडाळतात आणि सगळं बी भिरकावून देतात. साली कुठल्या कुठे, बी कुठल्या कुठे. मी दुसरी धरली. टच्. तिसरी. टच्. चौथीला तर मी हातही लावला नव्हता, माझ्या छत्रीचा थेंब पडला.

अर्धा तास कातळावर गुडघे टेकून बी शोधलं. ओल्या शेवाळात मोहरीहून बारीक बी. माझ्या हातावर तुरी दिल्या त्यांनी.

तरी सांगते, आजचा दिवस छान गेला. पुस्तकात "शेंग स्फोट होऊन फुटते" एवढंच लिहिलेलं असतं. गालावर लागल्याशिवाय त्या वाक्याचा अर्थ कळत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आईला फोन केला. माझी आई, बनाबाई सदाफुले, मुक्काम जामखेड, शेतातलं तिला सगळं कळतं असं तिचं म्हणणं आहे आणि ते बहुतेक खरं आहे.

"आगं, हिरवी शेंग कशाला धरायलीस? तीळ कसा काढताव आपन? पेंढ्या बांधायच्या, उन्हात उभ्या करायच्या, वाळल्या की चादरीवर उलट्या करून झटकायच्या. शेंग वाळल्याबगर बी सोडती का कुठं?"

एम.एस्सी. करून मला हे सुचू नये! काखेत कळसा म्हणतात तो हाच. उद्या कात्री घेऊन जाते.

११ ऑगस्ट, सोमवार

कापून आणलेली झाडं आठवडाभर गोजरबाईंच्या चुलीवरच्या शिंकाळ्यात होती. ऊन इथे कुठलं! सून निकिता रोज विचारायची, "मॅडम, ही भाजी करायची का?" आज खाली काढली, चादर अंथरली, झटकली. काही नाही. शेंगा मऊ पडून सुरकुतल्या होत्या, भिजलेल्या दोऱ्यासारख्या. नखानं फोडल्या तर आत बी चिकटलेलं, चपटं, पिवळं.

तेच सरांकडे नेलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मला वाटलं, झालं. "कच्चं आहे, मॅडम. पिकण्याआधीच वाळलंय. हे चालणार नाही."

मी फोटो दाखवले. "केस दिसतात. बी दिसत नाही," एवढंच.

मी उठले तेव्हा ते म्हणाले, "तसंही प्रेसवाल्याचं मशीन बिघडलंय म्हणे. आठवडाभर तरी जाईल." मशीन बिघडलं हे ठीक, पण ते सांगताना हा माणूस खूश दिसत होता. स्वतःचं पुस्तक अडलं तरी खूश! काहीजणांचं काही कळतच नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

मलमलीच्या पिशव्या शिवल्या होत्या, एकेका तुऱ्याला एकेक बांधली होती. शेंग आतच फुटेल, बी आतच राहील. कल्पना अजूनही उत्तमच आहे. पण पाऊस थांबला नाही. पिशव्या भिजून तुऱ्यांना चिकटल्या, आत सगळं सडलं, बुळबुळीत झालं. खालच्या बाजूच्या तीन पिशव्या गोजरबाईंच्या शेळीनं दोऱ्यासकट खाल्ल्या.

गोजरबाई म्हणाल्या, "तिला काय ठाव, तुजं संशोधन हाय म्हनून? तिला हिरवं दिसलं."

"पिशवी पांढरी होती, मावशी."

"मग तर मीठ वाटलं आसंल."

मला रडू यायच्या बेतात होतं आणि हसू आलं. राग नीट येऊ देत नाही ही बाई.

सर म्हणाले, प्रेसवाल्याला कागद मिळत नाहीये. सगळ्या जगाचा कागद संपला की काय! पण मला काय, माझ्या पथ्यावरच पडतंय.

२८ ऑगस्ट, गुरुवार

एक ताटवा उरलाय. कातळाच्या वरच्या पायरीवर, शेळी पोचत नाही तिथे, फुललेल्या तेरड्याच्या मुळाशी. तिथे माझी झाडं अशी दाटीवाटीनं आहेत की बघत राहावं. शेंगा ताठ उभ्या. खालच्या जवळजवळ तयार, वरच्या मऊ. अजून दोन-तीन दिवस लागतील.

आणि या वेळी मला सुचलंय. छत्री! उघडायची, उलटी धरायची, आत पांढरा कपडा, वरून शेंगांना काडीनं टिचकी. छत्री घेऊन दोन महिने फिरतेय आणि हे आज सुचतंय. रविवारी दिवसभर तिथेच बसणार. डबा घेऊन.

कॉलेजला गणपतीची सुट्टी. सरांचा फोन आला. त्यांनी कधी आपणहून फोन केलेला आठवत नाही. "प्रेसवाला गणपती मंडळांच्या पावत्या छापण्यात अडकलाय. बुधवारी प्रत मागतोय. बुधवारनंतर मात्र थांबणार नाही."

"सर, मी रविवारी बी काढतेय."

"पावसात कातळ निसरडा असतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

एवढ्या ढिल्या प्रेसवाल्याला यांनी काम दिलंच कसं, हे मला कोडं आहे. दुसरा कुणी असता तर पुस्तक केव्हाच छापून झालं असतं आणि माझं काही खरं नव्हतं.

३१ ऑगस्ट, रविवार

संपलं.

दुपारी पाऊस जरा उघडल्यावर गेले. डबा, छत्री, पांढरा कपडा, भिंग. कातळ बोडका होता. वरच्या पायरीवर एक तेरडा नाही. माती उकरलेली, मुळं ओढून काढल्याच्या खुणा, आणि माझ्या ताटव्याच्या जागी नुसतं ओलं शेवाळ.

घरी आले. ओल्या पायांनीच गोजरबाईंसमोर उभी राहिले. "मावशी, कातळावरचा तेरडा कुणी नेला?"

"आमीच. आज गवर यायची नं? समद्या बाया गेल्तो सकाळच्या पारी."

"मुळासकट?"

"मग? गवर काय तोडून आनत्यात व्हय? माहेरवाशीन ती. तिला मोडून कसं आनायचं? मुळासकट, मातीसकट, जे संगं यील त्याच्यासकट आनायचं." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "काय झालं गं?"

मी सांगितलं. काय सांगितलं ते लिहीत नाही, ओरडले. ज्या बाईनं मला चप्पल तुटली तेव्हा स्वतःची दिली, तिच्यावर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आत ये. गवर बघ तरी कशी बसलीय."

"आमच्याकडे गवर नसते, मावशी."

"ठाव हाय मला. बघायला काय जातंय?"

मी पडवीत येऊन दार लावलं. संध्याकाळी निकिता येऊन गेली, "आत्या बोलावत्यात, एकदा येऊन तर जा." मी डोकं दुखतंय म्हटलं. आमच्या घरी आईवडिलांनी ठरवून सोडलेल्या गोष्टी आहेत, आणि इतक्या दिवसांत गोजरबाईंनी कधी आग्रह केला नव्हता. आजच का, कळत नाही. जिच्यासाठी माझं झाड उपटलं तिच्याच दर्शनाला मी जायचं?

बुधवारी सरांना सांगून टाकते. हिरसुटा छापा.

१ सप्टेंबर, सोमवार

शांतपणे, ओळीनं लिहायचं ठरवलंय, बघू किती जमतं.

दुपारी गोजरबाई स्वतः आल्या. "पुरनाचं जेवान हाय. देवाला नगं, मला म्हनून ये. घरात मानूस उपाशी ठिऊन मी सवाशिनी जेवू घालू का?" यावर काय बोलणार! गेले. आतल्या घरात कोपऱ्याला बसले. वाडीतल्या बाया पंगतीला होत्या. समोर गवर, पाटावर तांदळाची रास, राशीवर पाण्यानं भरलेला तांब्याचा कलश, त्यात तेरडा उभा, त्याला मुखवटा आणि खण. मी मुद्दाम तिकडे बघत नव्हते.

पहिला घास तोंडात आणि माझ्या ताटात काहीतरी पडलं. टच्.

तो आवाज मी दोन महिने ऐकलाय. मी मान वर केली. तेरड्याच्या दांड्यांमधून, खणाच्या काठाशी, माझी झाडं. ताटव्याचा ताटवा. मुळं पाण्यात, पानं ताजी, शेंगा ताठ. कातळावर होत्या त्याहून ताठ! आणि खाली पांढऱ्या तांदळावर तपकिरी बी. पिकलेलं, गोलसर, चकचकीत. आणि गुंडाळलेल्या साली.

मी उष्ट्या हातानं उठले, हात धुतला, गवरीसमोर गेले, गुडघे टेकले आणि कपाळ जवळजवळ तांदळाला लावलं. कारण भिंग तेवढं जवळ न्यावं लागतं. मागून एक म्हातारी हळूच म्हणाली, "पाया पडली बया." मी ओरडले, "केस! मावशी, सालीवर केस आहेत! पिकलीय आणि केस आहेत!"

गोजरबाई म्हणाल्या, "मी कालपासून बोलावती. तुजं तन आलंय संगं, म्हनून. तू ऐकशील तर."

मला माझंच कळेना, हसू की रडू. दोन्ही केलं.

मी कलश उचलायला हात पुढे केला तर त्यांनी मनगट धरलं. "हां! बसलेली गवर उद्यापतुर हलवायची न्हाई. कुनीच न्हाई."

"पण मावशी, बी सगळीकडे उडतंय, हरवेल."

त्यांनी क्षणभर विचार केला. मग धुतलेलं पांढरं धोतर मागवलं, कलशाच्या चहूबाजूंनी अंथरलं, टोकं दोघींना वर धरायला लावली आणि बायांना हाक मारली. "चला गं. हळदी-कुंकू लावा. एकेक जन या. तेरड्याला लावताना ह्या बारक्याला बी लावा."

आणि लागली की रांग! प्रत्येकीनं हळदीचं बोट पुढे केलं. टच्. बी धोतरावर. दुसरी. टच्, टच्. पहिल्या दोघी दचकल्या, तिसरी हसली, मग सगळ्याच हसायला लागल्या. "गवर उडवती गं बया!" कुणाच्या नाकाला लागलं, कुणाच्या नथीत अडकलं. म्हाताऱ्या पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या. एवढी गर्दी बघून शेजारच्या घरची गवर सोडून तिकडच्या बायाही आल्या.

शेवटी गोजरबाई माझ्याकडे वळल्या. "तू बी लाव."

"मावशी, मी..."

"देवाला नगं लावू. तुज्या झाडाला लाव."

मी लावलं. टच्.

नंतर आम्ही सगळ्या ते धोतर मधोमध ठेवून बी निवडायला बसलो. तांदूळ निवडायची सवय झालेले डोळे ते; एक दाणा सुटला नाही. बी एका वाटीत, साली दुसऱ्या. आणि तेव्हा मला उमगलं की मी कुठे चुकले. तीळ वाळला की बी सोडतो. ही वाळली की बी धरून बसते. हिरवी, पाणी पिऊन फुगलेली असतानाच तिच्या सालींना ताण येतो आणि त्या ताणानं ती उडते. मी तिला चुलीवर सुकवली. गवरीनं तिला पाण्यात ठेवलं.

आईला फोन करून सांगितलं. "मंग ती तिकडचीच हाय," म्हणाली. "आपल्याकडं असं पानी कुठं हाय उधळायला?"

२ सप्टेंबर, मंगळवार

संध्याकाळी गवर ओढ्यावर नेली. मी सोबत गेले, छत्री धरून. पाण्यात सोडायच्या आधी गोजरबाईंनी तेरड्यातून माझे तुरे अलगद वेगळे केले. मुखवट्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, एवढं आमच्या पोरीला ठिऊन जा." तुऱ्यांवर अजून न फुटलेल्या शेंगा होत्या. ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या.

आमची पोरगी. मी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

३ सप्टेंबर, बुधवार

सरांच्या टेबलावर बीची वाटी, सालींची पुडी आणि ओल्या फडक्यातले तुरे ठेवले. भिंगही परत ठेवलं. हरवलं नव्हतं. सगळा विभाग जमला होता. बातमी कशी फुटली कोण जाणे.

सरांनी आधी बी बघितलं. मग साली. मग एक अख्खी पिकलेली शेंग फुटू न देता भिंगाखाली घेतली. त्यांचे हात मी कधी इतके हळू चालताना पाहिले नव्हते. नंतर टाचणीनं टिचकी दिली. टच्! बी त्यांच्या चष्म्याच्या काचेवर आपटलं. विभागप्रमुख खुर्चीतून उठून उभे राहिले आणि मोठ्यांदा हसले. "केसाळ! पिकली तरी केसाळ! ट्रायकोकार्पा!"

मग त्यांनी लाल पेन घेतलं आणि स्वतःच्या अक्षरातलं स्वतःचं नाव, म्हणजे त्यांनी दिलेलं झाडाचं नाव, एका रेघेनं खोडलं. वर काही लिहिलं नाही. पेन माझ्या हातात दिलं. "लिहा."

मी लिहिलं. टाळ्या वाजल्या. जुलैत हसले होते त्यांनीही वाजवल्या, आणि माझा काही राग उरला नव्हता असं नाही, पण त्या टाळ्या मला गोड लागल्या.

मग नमुन्याच्या कागदाला चिकटवायची चिठ्ठी. सर म्हणाले, "झाड कुठलं?" मी सांगितलं, वाडीजवळचा ओला कातळ. "बी कुठे मिळालं?" मी जरा अडखळले. "सर, ते गवरीसमोर. गोजरबाईंच्या घरी."

"मग तसंच लिहा. शास्त्र म्हणजे खरं ते लिहिणं. आणि सदाफुले मॅडम, शेवटच्या ओळीत ओळखणाऱ्याचं नाव घाला. माझं नाही, तुमचं." खिशातून मोबाईल काढत पुढे म्हणाले, "प्रेसवाल्याला कळवतो, उद्या ने म्हणून." नशीब बलवत्तर, प्रेसवाला नेमका आजच मोकळा झाला होता.

चिठ्ठीचा फोटो काढून घेतला. जीपमधून उतरले तर ओट्यावर सगळी पंगत हजर. गोजरबाईंनी विचारलं, "काय म्हनले?"

"जिंकलो, मावशी!"

असा गलका झाला की शेळी दावं तोडून पळाली. मी मोबाईल काढला आणि वाचून दाखवलं. "बी मिळाल्याचे ठिकाण, गोजरबाई धिंदळे यांचे घर, गौरीचा कलश. बी वेचणाऱ्या, वाडीतल्या महिला."

"माजं नाव? कालेजात?" गोजरबाईंनी पदर तोंडाला लावला. "पुन्यांदा वाच." पुन्हा वाचलं. शेजारणीला हाक मारली, तिच्यासाठी वाचलं. जी येईल तिच्यासाठी वाचलं. घसा बसत चालला. प्रत्येक वेळी तिथेच थांबत होते.

गोजरबाईंनी मोबाईल हातात घेतला, अक्षरांवरून बोट खाली नेलं. वाचता येत नाही त्यांना, पण ओळी मोजता येतात. "ह्या खाली आनखी एक वळ हाय. ती का वाचीत न्हाईस? कुनाचं नाव हाय ते?"

"माझं."

"मग मघापासून आमचीच वाचतीस? उभी ऱ्हा. पार ओढ्यापलीकडं ऐकू गेलं पायजे."

मी ओट्यावर उभी राहिले आणि वाचलं, "झाड ओळखणारी, प्रज्ञा बनाबाई सदाफुले."

ओढ्यापलीकडच्या घरातून कुणीतरी ओरडून विचारलं, कोण म्हणून. मी आणखी मोठ्यानं सांगितलं.